बिऱ्हाड, अहिल्याबाईंचे घाटी

माझी भाची पुण्यास इतिहास हा विषय घेऊन एम. ए. च्या वर्गात शिकते. २०२० सालच्या शैक्षणिक धोरणापासून अभ्यासक्रमात एक नवी गोष्ट आली आहे. विद्यार्थ्याने काही आठवडे वर्गाबाहेर पडून एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करावे आणि त्या कामाचे श्रेयांक त्याच्या गुणपत्रिकेत जमा व्हावेत, अशी ती योजना. परिपत्रकांतून तिला ‘आंतरवासिता’ असे भारदस्त नाव दिलेले आढळते. आमच्या वडिलांच्या पिढीला हाच प्रकार ‘उमेदवारी’ या साध्या शब्दाने ठाऊक होता. कचेरीत, छापखान्यात, वकिलाच्या बैठकीत किंवा सोनाराच्या पेढीवर एखादा कोवळा मुलगा येऊन बसे, पहिले काही महिने बिनपगारी राही आणि पाहता पाहता काम शिके. मला तो जुना शब्द अधिक आवडतो. त्यात उमेद आहे.

भाचीच्या वर्गातील बहुतेक मुलांनी वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, प्रवासी कंपन्या, वस्तुसंग्रहालये अशी ठिकाणे निवडली. हिने निवडले ते सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ. घरात थोडी कुरकुर झाली. “जुने कागद झाडून पुढे काय मिळायचे?” असे तिच्या वडिलांनी विचारले. “धूळ,” असे उत्तर तिने दिले. ते पुष्कळ अंशी खरेही ठरले.

या मंडळाचा जन्मच मुळी उमेदवारीच्या वृत्तीतून झालेला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे त्या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. त्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला. वाड्यांचे माळे, देवळांच्या कोठड्या, कुलकर्ण्यांची दप्तरे धुंडाळीत तो फिरे. स्वतःच्या हाताने शिजवून खाई. कोठे वाण्याच्या दुकानी जुन्या कागदांत सुपारी बांधून दिली जाते आहे, असे दिसले की त्याच्या जिवाचे पाणी होई. एकट्याने हे काम पुरे होणारे नाही, हे जाणून राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी मंडळाची स्थापना केली. त्यानंतर तेथे जी माणसे घडली त्यांतील कितीतरी विद्यार्थी म्हणूनच आत आली होती. ग. ह. खरे (१९०१–१९८५) यांचे उदाहरण तर कोणाही तरुणाने ध्यानी ठेवावे असे आहे. अस्सल फर्माने वाचता यावीत म्हणून त्यांनी स्वप्रयत्नाने फारसी भाषा आत्मसात केली, आणि अर्धशतकाहून अधिक काळ ते मंडळाच्या संग्रहाची देखभाल करीत राहिले. शिकणे संपून काम सुरू झाले ते नेमके कोणत्या दिवशी, हे त्यांनाही सांगता आले नसते.

भाचीचे दिवस कसे गेले, हे ती दर रविवारी येऊन सांगे. पहिले आठ दिवस तिच्या हाती कागद आलाच नाही. आला तो मऊ केसांचा कुंचला. जुने कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमालाची गाठ कशी सोडावी, घडी उलगडताना बोटे कोठे ठेवावीत, घडीवर फाटलेला कागद तळहातावर न पेलता पुठ्ठ्यावर कसा घ्यावा, एवढेच ती शिकत होती. पंखा लावायचा नाही. पाण्याचे भांडे मेजावर ठेवायचे नाही. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची माझी सवय पाहून ती त्या दिवसांत एकदा अशी दचकली, की मी भर पंगतीत उष्ट्या हाताने वाढावयास निघालो आहे, असे कोणास वाटावे.

मग मोडी आली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी शाळांतून ही लिपी शिकवीत. आज एखाद्या घरात ती वाचणारा आढळला तर शेजारी कौतुकाने पाहावयास येतात. मोडीत आधी ओळभर लांब रेघ मारायची आणि अक्षरे तिला टांगीत जायचे. बोरू शक्यतो उचलायचा नाही, म्हणून शब्द तोडलेले नसतात. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. विरामचिन्ह औषधालाही सापडत नाही. वाचणाऱ्याला शब्द कोठे संपला हे अर्थावरून ताडावे लागते, आणि अर्थ तर शब्द कळल्यावाचून लागत नाही! या पेचातून सुटण्याचा उपाय एकच : पुन्हा पुन्हा वाचणे.

कालगणना हा दुसरा डोंगर. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन असतो आणि तोही अंकांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले दिसले तर इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, मिळून ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जाताना बदलते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, की इसवी सन येतो. जानेवारीतील ११६१ म्हणजे १७६१. त्या सालच्या जानेवारीत पानिपतावर काय झाले ते मराठी माणसाला सांगावे लागत नाही. भाचीने ही रीत मला शिकविली, आणि दुसऱ्या दिवशी मी ती विसरलो, हे कबूल केलेले बरे.

परंतु तिला सर्वांत जड गेली ती गोष्ट वेगळीच होती. नक्कल करणे. मोडी कागदाची देवनागरीत नक्कल करताना तिने पहिल्याच पत्रात चार शब्दांचे शुद्धलेखन सुधारले आणि एके ठिकाणी कागद फाटला होता तेथे सहज सुचलेला शब्द घालून वाक्य पुरे केले. पत्र सुरेख वाचता येऊ लागले. तिला वाटले, शाबासकी मिळणार. जे वृद्ध अभ्यासक तिला शिकवीत होते त्यांनी ती नक्कल शांतपणे परत केली आणि म्हटले, “बाळ, मेलेल्या माणसाच्या तोंडात आपले शब्द घालू नयेत. त्याला नाही म्हणता येत नाही.” तेव्हापासून फाटलेल्या जागी ती रिकामा चौकोनी कंस घालते. तेथे काय असावे याचा तिचा तर्क कितीही पक्का असो, तो खाली टिपेत जातो. कंस रिकामाच राहतो.

हा कंस पुढे आमच्या घरात फार महाग पडणार होता.

त्याचे असे झाले. आमच्या घराण्यात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी काशीला घाट बांधला तेव्हा आमचे पूर्वज त्या बांधकामावर कारकून होते. दगडांचा आणि मजुरीचा हिशेब त्यांच्या हातचा होता. पुरावा म्हणून देवघरात एक पितळी दौत आहे. दर दसऱ्याला सरस्वतीपूजनात ती घासूनपुसून मांडली जाते. २०२५ च्या ३१ मे रोजी अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. जिकडेतिकडे व्याख्याने झाली, मिरवणुका निघाल्या. माझे एक चुलतबंधू कित्येक वर्षांपासून आमचा कुलवृत्तान्त तयार करीत होते. त्यांनी हा मुहूर्त साधून पुस्तक छापावयाचे ठरविले, वर्गणी गोळा केली आणि पहिल्याच प्रकरणाला नाव दिले : ‘अहिल्याबाईंच्या घाटाचे कारकून’.

प्रकरण वाचून भाचीने एकच शब्द उच्चारला. “कशावरून?”

माझ्या आईला शहाऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून ही गोष्ट तिने जपली आहे; तिला ती तिच्या सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. नातीचा प्रश्न तिला चांगलाच लागला. “म्हणजे आम्ही सगळ्याजणी खोटं बोलत आलो?” असे तिने विचारले. भाचीने समजावण्याचा यत्न केला. खोटे वेगळे आणि सिद्ध न झालेले वेगळे, इत्यादी. हा भेद शहाऐंशी वर्षांच्या बाईला रात्री नऊ वाजता, तिच्याच देवघरासमोर समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. त्यानंतर पंधरा दिवस आजी-नातीत जेवणापुरतेच बोलणे होते. शेवटी आईनेच तोड काढली. “काशीला आपले उपाध्ये आहेत. त्यांच्या वहीत सगळ्यांची नावं असतात. जा, आणि बघून या. आणि येताना गंगा आणा.”

वाचकांपैकी ज्यांनी काशी, गया, त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथे घरची कार्ये केली आहेत त्यांना या वह्या परिचित असतील. तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतो, आत जाऊन लांबट वही घेऊन येतो आणि आपल्या खापरपणजोबांची सही आपल्यासमोर ठेवतो. यात्रेकरूने आपल्या हाताने गोत्र, वंशावळ, येण्याचे कारण आणि दिवस लिहून ठेवावयाचा, असा परिपाठ. सरकारी दफ्तरात ज्यांचे नाव कधी चढले नाही अशा लक्षावधी कुटुंबांचा इतिहास या वह्यांतच उरला आहे. वडिलांच्या कागदांत एक जुने कार्ड निघाले, त्यावर उपाध्यायांचा पत्ता होता : दुर्गाघाट.

हिवाळ्यात आम्ही दोघे काशीस पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे गोदौलियाच्या चौकातून पायी निघालो. दशाश्वमेधाच्या पायऱ्या उतरून उजव्या हाताला वळले, की शीतला घाटानंतर अहिल्याबाई घाट लागतो. त्यापुढे मुन्शी घाट व दरभंगा घाट. दशाश्वमेधावरची गर्दी येथे थोडी विरळ होते. मागे उंच दगडी वाडा, खाली रुंद पायऱ्या, वाळत घातलेली धोतरे, नावाडी, आणि हिवाळ्यात दूरदेशाहून येणारे पांढरे पक्षी दाण्यांसाठी होड्यांभोवती घिरट्या घालीत आहेत, असा देखावा होता. समोर पैलतीरावर नुसती वाळू. त्या वाळूमागून सूर्य वर आला. घाटाचे पूर्वीचे नाव केवलगिरी घाट असे सांगतात. भिंतीवर आज ठळक अक्षरांत बाईंचे नाव आहे.

ज्या बाईचे हे नाव ती चौंडी गावच्या पाटलाची मुलगी. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत अठ्ठावीस वर्षे तिने महेश्वराहून राज्य चालविले. तिच्या दानधर्माची कथा सर्वांना ठाऊक आहे; पण तिच्यामागचा हिशेब तितका ठाऊक नसतो. होळकरांच्या घरी दौलतीचा खजिना वेगळा आणि ‘खासगी’ वेगळी. ही खासगी १७३४ साली मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई यांच्या नावे लागली होती, आणि सासूकडून ती सुनेकडे आली. काशीविश्वनाथाचे आजचे मंदिर बाईंनी १७८० च्या सुमारास उभारले. त्यांच्या धर्मकृत्यांना पैसा पुरविला तो मुख्यतः या खासगीने. थोडक्यात, राजस्त्रियांच्या स्वतःच्या उत्पन्नाने.

मराठी माणसाचा या नगरीशी संबंध काही बाईंपासून सुरू होत नाही. सोळाव्या शतकात पैठणचे भट्ट घराणे येथे येऊन स्थायिक झाले. शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातले. पहिल्या बाजीरावांच्या मातुश्री राधाबाई १७३५-३६ साली काशीयात्रा करून आल्या, तेव्हा वाटेतील राजपूत राजांनी त्यांचा केवढा मान राखला, हे इतिहासात नमूद आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा आहे. विसाव्या शतकात ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर हे काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ होते, आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकवीत असताना १९३७ साली या नगरीचा इतिहास इंग्रजीत लिहिणारे अनंत सदाशिव आळतेकर मूळचे कोल्हापूरकडचे. हे सारे मी भाचीला घाटावर बसून सांगत होतो. ती ऐकत नव्हती. तिचे लक्ष पायऱ्यांच्या दगडांकडे होते. “मामा,” ती म्हणाली, “हिशेब ठेवणारा माणूस होता, तर हिशेब कोठेतरी असायला हवा.”

दुर्गाघाटाच्या गल्लीत उपाध्यायांचे घर सापडावयास दुपार झाली. सध्याचे उपाध्याय चाळिशीतले. मराठी बोलतात, पण त्या मराठीला हिंदीची गोड किनार आहे. गावाचे नाव ऐकताच त्यांनी आमच्या वडिलांचे नाव सांगितले. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले, ते लपविण्यात अर्थ नाही. वह्या आल्या. लाल कापडात बांधलेल्या, उभ्या लांब पानांच्या. भाचीने आपला रुमाल पसरून त्यावर वही ठेवली. ते पाहून उपाध्याय किंचित सावरून बसले. या मुलीला वही हाताळता येते, हे त्यांनी ओळखले. छायाचित्र घेण्यास मात्र त्यांनी नकार दिला. वहीत इतर घराण्यांचीही नावे असतात आणि ती आमच्याकडे ठेव म्हणून आहेत, असे ते म्हणाले. “हाताने उतरून घ्या. वेळ लागला तर लागू द्या. चहा येईल.”

तासाभराने नोंद सापडली. मोडी. अक्षर घोटीव, कारकुनी वळणाचे. तेव्हा पूर्वज कारकून होते, एवढे तरी खरे! मी खूश झालो. भाची ओळीमागून ओळ उतरीत होती. गोत्र. बापाचे नाव, आज्याचे नाव, पणज्याचे नाव. तीन भाऊ, त्यांची नावे. गाव, परगणा. आणि मग शक. तेथे कसरीने नेमका घाला घातला होता. १७, मग वाटोळे भोक, मग ५.

“शके १७०५!” मी म्हणालो. ७८ मिळविले की इसवी सन १७८३. बाई हयात, काशीत कामे चाललेली. सगळे जुळत होते. वर्गणी सार्थकी लागली, आई जिंकली, चुलतबंधूंचे प्रकरण कायम.

भाचीने कागदावर लिहिले : १७[ ]५.

“अग, शून्यच असणार ते. भोकसुद्धा वाटोळं आहे!”

तिने उत्तर दिले नाही. पुढची ओळ वाचली. ‘श्रीमुखनाम संवत्सरे कार्तिकमासे’. मग तिने वहीच्या मागे आकडे मांडले. शकात बारा मिळवून साठाने भागायचे. बाकी उरेल तितकावा संवत्सर. १७०५ ला बाकी ३७ उरते, तो शोभन. श्रीमुख हा सातवा. १७ आणि ५ यांच्यामध्ये कोणता अंक घातला असता बाकी सात उरते? ३ घातला तर उरते. ९ घातला तरी उरते. म्हणजे शके १७३५ किंवा १७९५. इसवी सन १८१३ किंवा १८७३. संवत्सरचक्र साठ वर्षांचे असल्यामुळे हे दोन्ही आकडे सारख्याच हक्काने पुढे उभे राहिले.

“त्यातलं १७९५ नको का धरायला?” मी आशेने म्हणालो. “बाई गेल्या तेच साल.” अर्थात बाई इसवी सनाच्या १७९५ त गेल्या आणि येथे शक चालला होता. भाचीने माझ्याकडे पाहिले, फक्त पाहिले. मग तिने मागचे पान उलटले. तेथील नोंद दुसऱ्या कोणा घराण्याची होती. तिच्यावरचा शक शाबूत होता : १७३४, अंगिरा नाम संवत्सर. अंगिरा सहावा, त्याच्या पाठोपाठ श्रीमुख. पुढल्या पानावर १७३६. प्रश्न मिटला. आमचे पूर्वज काशीला आले ते १८१३ सालच्या कार्तिकात. बाईंना जाऊन अठरा वर्षे झाली होती. काशी तर १७७५ पासून कंपनीच्या ताब्यात होती, आणि घाट केव्हाच बांधून झाला होता.

माझे तोंड उतरले असावे. उपाध्यायांनी चहा पुढे केला. भाची अजून लिहीतच होती, कारण नोंद संपली नव्हती. येण्याचे कारण शेवटी होते. ती ओळ तिने एकदा मनाशी वाचली, मग पुन्हा, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली : ‘मातुश्री काशीवासास ठेविली. बिऱ्हाड अहल्याबाईंचे घाटी.’

एवढेच. खाली सही.

काशीवास म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांना सांगावयास हवे. उतारवयात देह गंगेकाठी पडावा म्हणून माणसे घर सोडून काशीला येऊन राहत, ती परत न जाण्यासाठी. त्यांत विधवा स्त्रिया पुष्कळ. पुण्याकडून येथवर यायला तेव्हा महिने लागत. वाट पायी, बैलावर, कधी डोलीत. मुलगा आईला पोहोचवून, बिऱ्हाड लावून, महिन्याचे धान्य भरून परत फिरे. दोघांनाही ठाऊक असे, की ही भेट शेवटची. १८१३ सालच्या कार्तिकात आमच्या घराण्यातली एक बाई या पायऱ्यांच्या वर कोठेतरी खोली घेऊन राहिली आणि तिचा मुलगा नोंद लिहून, सही करून दक्षिणेकडे निघाला. ती पुढे किती वर्षे जगली, हे वहीत नाही.

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच घाटावर आलो. शेजारी आरतीची तयारी चालली होती, ध्वनिक्षेपकावरून घोषणा होत होत्या. भाचीने गंगेचा गडू भरून घेतला. मी मनात चुलतबंधूंना लिहावयाच्या पत्राची जुळवाजुळव करीत होतो, आणि ते पत्र काही केल्या जमत नव्हते.

घरी आल्यावर आईसमोर नक्कल ठेवली. भाचीने सगळे वाचून दाखविले; कंस, बाकी, श्रीमुख, अंगिरा, काही गाळले नाही. मला वाटले होते, आई रागावेल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सासूबाईंचे शब्द आठवतात मला. त्या ‘कारकून’ म्हणत नसत. कारकून हे तुझ्या आजोबांचं. त्या म्हणायच्या, ‘आपलं माणूस बाईंच्या घाटावर होतं.’”

माणूस. आपल्या भाषेत हा शब्द असा बोलला, की पुरुष की स्त्री हे कळत नाही. चार-पाच पिढ्यांच्या सुनांनी तो जसाच्या तसा पुढे दिला होता. कोणा पुरुषाच्या कानी पडल्यावर त्याने त्याला पगडी घातली, हाती दौत दिली. भाची ताडकन उठली आणि आपली वही घेऊन आली. आजीकडून ते वाक्य तिने पुन्हा वदवून घेतले आणि शब्दशः उतरून घेतले. खाली तारीख घातली, सांगणाराचे वय घातले. तोंडी पुराव्याची नोंद अशीच करावयाची असते म्हणे. आईनेही मग, साक्ष देणाऱ्या माणसासारखी, पदर सावरून ते वाक्य सावकाश सांगितले.

“आणि नाव काय होतं तिचं?” आईने विचारले.

भाचीने नक्कल पुन्हा पाहिली, पाहण्याची गरज नसताना. बापाचे नाव होते, आज्याचे, पणज्याचे होते, तिन्ही भावांचे होते. मातुश्रीचे नव्हते. कसर लागलेली नव्हती, कागद फाटलेला नव्हता. लिहिलेच नव्हते.

चुलतबंधूंनी आधी खळखळ केली. मुखपृष्ठाचे चित्र तयार झाले होते आणि त्यात दौत होती. पण माणूस मुळात सरळ. त्यांनी प्रकरणाचे नाव बदलले आणि वहीतील नोंद जशीच्या तशी छापावयाचे कबूल केले. वंशवृक्षात त्या पिढीच्या जागी कोणा स्त्रीचे नाव पूर्वी नव्हतेच. आता तेथे एक चौकट वाढली आहे. मधल्या काळात कोणी तरी ‘सौ. गंगाबाई’ घालावे असे सुचविले होते, कारण गंगेकाठी राहिल्या. भाचीने ते चालू दिले नाही.

गेल्या आठवड्यात छापखान्यातून मुद्रिते आली. समासात मुद्रितशोधकाने निळ्या शाईने शंका काढली होती : ‘येथे चौकोनी कंसात काही नाही. मजकूर राहिला आहे काय?’ भाची परीक्षेच्या अभ्यासाला गेली होती. मुद्रिते आईने वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि शंकेपुढे स्वतःच्या हाताने लिहिले : ‘नाही. असेच ठेवावे.’